पिंग लागतं, दिवा लागत नाही: एका प्रयोगाआधीचे पावणेदोन तास

रात्री साडेआठचा प्रयोग होता, जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका नाट्यगृहात. दुपारी तिथे एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि बक्षीस समारंभ लांबतात तसा तो लांबला. नेपथ्याची गाडी दोन वाजल्यापासून मागच्या दाराशी उभी, पण रंगमंच आमच्या ताब्यात आला पावणेपाचला. सेट लागला, आमचे दिवे बारवर चढले, केबली ओढल्या. पावणेसात वाजता मी दिवे चालवायच्या बोर्डवर जनरल लाइटचा फेडर वर केला आणि रंगमंच अर्धाच उजळला.

मागचे एलईडी पार, विंगांमधले मूव्हिंग हेड, सायकवरचे, म्हणजे मागच्या पडद्यावरचे बॅटन, सगळं व्यवस्थित. पण प्रेक्षागृहाच्या छतातल्या बारवरचे स्पॉट, म्हणजे नटांच्या चेहऱ्यावर पडणारा सगळा उजेड, बंद. अशा प्रकाशात पात्रं पाठीमागून छान दिसतात आणि तोंडं मात्र शोधावी लागतात. प्रकाशयोजना करणाऱ्या ताई पाचव्या रांगेत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "समोरचं कधी येणार?"

हे प्रकरण त्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंतचं आहे. दौऱ्यावर दिवे, प्रोजेक्टर, ध्वनी यांची नेटवर्कवर चालणारी सामग्री घेऊन फिरणाऱ्यांना ते ओळखीचं वाटेल. नसेल वाटलं तर एक दिवस वाटेलच.

काय काय जोडलेलं होतं

पूर्वी बोर्डपासून डिमरपर्यंत, म्हणजे दिव्यांची वीज कमीजास्त करणाऱ्या यंत्रापर्यंत, डीएमएक्सची केबल जायची. १९८६ मध्ये ठरलेलं हे मानक अजूनही प्रत्येक दिव्याच्या ढुंगणाशी आहेच: एका तारेवर ५१२ चॅनल, प्रत्येकाची किंमत ० ते २५५. पण मूव्हिंग हेड आणि एलईडी आल्यापासून ५१२ पुरत नाहीत, आणि दर ५१२ साठी वेगळी केबल ओढायची म्हटलं तर निम्मा दिवस केबल गुंडाळण्यातच जातो. म्हणून बोर्डमधून साधी लॅनची केबल निघते, स्विचमध्ये, म्हणजे अनेक लॅन केबली एकत्र जोडणाऱ्या डब्यात जाते आणि जागोजागी बसवलेल्या नोड नावाच्या डब्या त्या नेटवर्कमधून पुन्हा डीएमएक्स काढून देतात. या वाहतुकीची आपल्याकडे सर्रास दिसणारी भाषा म्हणजे आर्ट-नेट. आर्टिस्टिक लायसन्स या ब्रिटिश कंपनीच्या वेन हॉवेल यांनी ती १९९८ मध्ये आणली आणि वापरायला मोकळी ठेवली, म्हणून सगळ्यांनी उचलली.

त्या संध्याकाळी एका स्विचवर ही मंडळी होती, नेटवर्कवरच्या आपापल्या आयपी पत्त्यांसकट. आमचा बोर्ड २.०.०.१. आमचे दोन नोड, २.०.०.२१ आणि २.०.०.२२, रंगमंचावर. नाट्यगृहाचे स्वतःचे दोन नोड, २.०.०.११ आणि २.०.०.१२, डिमर रूममध्ये. छतातले स्पॉट त्यांच्यामागे. आकडे सगळे २.०.०. ने सुरू होणारे, एकही दुबार नाही. मी आल्याआल्या तिथल्या वायरमन काकांकडून त्यांच्या नोडचे पत्ते लिहून घेतले होते आणि मनात म्हटलंही होतं, वा, एकाच घराण्यातले निघालो.

पत्ते विचारले. मास्क विचारला नाही.

पहिला अर्धा तास, वाया

दिवा लागला नाही की आधी केबल बदलायची हा रिवाज. बदलली. स्विचचा पोर्ट बदलला. मग युनिव्हर्सचा, म्हणजे ५१२ चॅनलच्या एका संचाचा आकडा पाहिला, कारण तिथे नेहमी एकाची चूक होते: काही बोर्ड पहिल्या युनिव्हर्सला १ म्हणतात, आर्ट-नेट मात्र शून्यापासून मोजतं. तेही बरोबर होतं.

इथे माझ्या मदतनीस पोराने एक निष्कर्ष काढला आणि मी तो मान्य केला. पुढची वीस मिनिटं त्यातच गेली. त्याने डिमर रूममध्ये जाऊन नोडच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. तिथे लिहिलेलं: सबनेट ०. आमच्या बोर्डच्या आउटपुटच्या पानावरही सबनेट ०. तो वरून ओरडला, "दादा, सबनेट जुळतंय!" मी खालून म्हणालो, ठीक, म्हणजे नेटवर्कचा प्रश्न नाही, डिमर बघ.

आर्ट-नेटमधलं सबनेट आणि आयपीमधलं सबनेट यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आर्ट-नेट आपले युनिव्हर्स गठ्ठ्यांत मोजतं. सोळा युनिव्हर्सचा एक गठ्ठा म्हणजे त्याचं सबनेट, असे सोळा गठ्ठे म्हणजे एक नेट, आणि अशी १२८ नेट. गुणाकार केला तर ३२,७६८ युनिव्हर्स. म्हणजे हा निव्वळ कपाटातला कप्पा क्रमांक झाला. आयपीचा सबनेट मास्क त्या पडद्यावर कुठेच दिसत नव्हता. तो नोडच्या वेबपेजवर होता. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं ते मी त्या रात्री म्हणून घेतलंय, इथे नको.

डिमर तपासले. काकांनी डिमरवरचं टेस्टचं बटण दाबलं तर स्पॉट झगझगीत लागले. म्हणजे दिवे, डिमर, वीज, सगळं ठीक. सात वाजून वीस मिनिटं झाली होती.

आमचं बरोबर, तुमचं चूक

काका म्हणाले, "आमचा बोर्ड लावून बघा." नाट्यगृहाचा जुना बोर्ड ध्वनिकक्षात झाकून ठेवलेला होता. आणला, त्याच स्विचमध्ये खुपसला, फेडर वर केला. छतातले स्पॉट लागले.

काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला आजही दिसतं. बोर्ड तुमचा बिघडलाय, असं ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

पण आमच्या बोर्डवर आमचे नोड तर उत्तम चालत होते. मग सहज म्हणून मी त्यांच्या बोर्डवरून आमच्या नोडचा युनिव्हर्स पाठवून पाहिला. आमचे दिवे लागले नाहीत. त्यांचा बोर्ड त्यांचेच दिवे लावत होता, आमचा आमचेच. एकच स्विच, एकच केबल, पत्ते सगळे शेजारशेजारचे, आणि तरी दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

बिघडलेलं यंत्र असं वागत नाही. बिघाडाला आपपरभाव कळत नाही. इथे काहीतरी ठरवून वेगळं केलेलं होतं.

लॅपटॉपला २.०.०.४० हा पत्ता दिला, लॅन लावली आणि २.०.०.११ ला पिंग केलं, म्हणजे "आहेस का?" असं विचारलं. चारही उत्तरं एका मिलिसेकंदाच्या आत. २.०.०.१२, तसंच. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, नोडचं वेबपेज उघडलं. इतकं झाल्यावर शंभरातले नव्वद जण म्हणतील की नेटवर्क ठीक आहे. मीही म्हणालो. आणि तेव्हाच मदतनीस डिमर रूममधून पुन्हा ओरडला, "दादा, लॅनचा हिरवा लुकलुकतोय, पण डीएमएक्सचा दिवा बंदच!"

म्हणजे टपाल दारापर्यंत येत होतं, पण आत घेतलं जात नव्हतं.

दवंडी कोणासाठी

लॅपटॉपवर वायरशार्क होतं. ते नेटवर्कवरून जाणारं प्रत्येक पाकीट उघडून दाखवतं. आर्ट-नेटचा ठरलेला पोर्ट ६४५४ (हा स्विचवरचा पोर्ट नव्हे, पाकिटावरचा क्रमांक), तेवढाच गाळून पाहिला. पडद्यावर ओळींमागून ओळी: पाठवणारा २.०.०.१, घेणारा २.२५५.२५५.२५५. नंतर काकांचा बोर्ड लावून पाहिलं: पाठवणारा २.०.०.५, घेणारा २.०.०.२५५.

हा शेवटचा आकडा डोळ्यांसमोर आल्यावर सगळा गुंता सुटला. मी शेजारीच पडलेल्या भाड्याच्या पावतीच्या मागे पेन्सिलने मांडणी केली, कारण काकांनाही पटवायचं होतं.

दिव्याचा बोर्ड एकेका नोडला नावाने पत्र पाठवत नाही, निदान आमचा तेव्हा पाठवत नव्हता. तो दवंडी पिटतो: ऐका हो ऐका, युनिव्हर्स अमुक, चॅनल एकची किंमत इतकी, दोनची इतकी, आणि हे सेकंदाला जास्तीत जास्त चव्वेचाळीस वेळा. ज्याला गरज त्याने घ्यावं. याला ब्रॉडकास्ट म्हणतात. आता दवंडी कुठल्या वेशीपर्यंतची, हे कोण ठरवतं? सबनेट मास्क.

आयपी पत्त्याचे चार आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५. मास्कही तसाच चार आकड्यांचा. पत्ता वर लिहायचा, मास्क खाली. मास्कमध्ये जिथे २५५ आहे तिथला आकडा गावाचं नाव, जिथे ० आहे तिथला आकडा घर नंबर. आणि गावभरच्या दवंडीचा पत्ता काढायचा तर गावाचं नाव तसंच ठेवून घर नंबराच्या सगळ्या जागी २५५ भरायचं. बस, एवढंच गणित.

आमचा बोर्ड: पत्ता २.०.०.१, मास्क २५५.०.०.०. गावाचं नाव फक्त "२", बाकी तीन आकडे घर नंबर. दवंडी २.२५५.२५५.२५५ ला.

त्यांचा नोड: पत्ता २.०.०.११. वेबपेजवर खाली सरकत गेलो तर मास्क २५५.२५५.२५५.०. त्याच्या लेखी गावाचं नाव "२.०.०", घर नंबर फक्त शेवटचा. तो ऐकणार २.०.०.२५५ ची दवंडी.

आमच्या बोर्डची दवंडी त्याच्या दारावर पोचत होती, कारण स्विच आयपी बघतच नाही, तो सगळ्या तारांवर ओरडतो. म्हणून हिरवा दिवा लुकलुकत होता. पण पाकीट आत घेताना नोड पाहायचा: पत्ता २.२५५.२५५.२५५. हा माझा पत्ता नाही, माझ्या गावाची दवंडीही नाही, कुण्या परगावच्या माणसाचं आहे. टाकून दे. सेकंदाला चव्वेचाळीस वेळा टाकून दे.

उलट बाजूनेही तेच. त्यांचा बोर्ड २.०.०.२५५ ला दवंडी द्यायचा. आमच्या नोडच्या मते गाव "२" एवढं मोठं, आणि त्या गावात ०.०.२५५ हा एक साधा घर नंबर, दुसऱ्या कोणाचा तरी. तेही टाकून देत होते.

आणि पिंग? पिंग दवंडी नसतं, ते नावाने पाठवलेलं पत्र. लॅपटॉप २.०.०.४०, नोड २.०.०.११. मोठं गाव धरा की लहान, दोघं एकाच गावात पडतात. म्हणून पत्र पोचलं, उत्तर आलं, वेबपेज उघडलं. पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळले होते, म्हणून चूक झाकली गेली. त्यांचा नोड २.७.०.११ असता तर पिंगही अडकलं असतं आणि मला तिथल्या तिथे कळलं असतं.

काकांनी पावती हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, "मग चूक कोणाची?" कोणाचीच नव्हती. त्यांच्या घरात सगळ्यांचा मास्क एकसारखा, आमच्या घरात सगळ्यांचा एकसारखा. दोन्ही घरं आपापल्या जागी नांदत होती. लग्न जुळवताना पत्रिकेतलं एक घर बघायचं राहिलं, इतकंच.

मुळात २५५.०.०.० का

याचं कारण कळल्याशिवाय हा मास्क विक्षिप्त वाटतो. शेवटी डझनभर डब्यांसाठी जवळपास पावणेदोन कोटी घरांचं गाव कशाला?

आर्ट-नेट बेतलं तेव्हाची कल्पना अशी होती की नोड खोक्यातून काढावा, वायर लावावी आणि तो चालावा; पत्ते वाटणारा राउटर असायची गरज पडू नये. म्हणून नोड स्वतःचा पत्ता स्वतः ठरवतो. पहिला आकडा २ किंवा १०, आणि पुढचे तीन आकडे कारखान्यात कोरलेल्या मॅक क्रमांकावरून काढलेले. दुसऱ्या आकड्यात निर्मात्याचा संकेतांकही मिसळलेला. त्यामुळे एक नोड २.४१.९.१८० होईल तर दुसरा २.२०३.६६.५. असे विखुरलेले पत्ते एकाच गावात बसवायचे तर गाव "२" एवढंच असायला हवं. म्हणून २५५.०.०.०.

नाट्यगृहात ज्याने कोणी नोड बसवले त्याने पत्ते हाताने टाकले, सुबक, ११ आणि १२. आणि मास्कच्या रकान्यात बोटांच्या सवयीने घरच्या राउटरवाला २५५.२५५.२५५.० गेला. विंडोजच्या लॅपटॉपवर गंमत अशी की पत्त्यात २ ने सुरुवात केली आणि मास्कच्या रकान्यात गेलं की ते आपणहून २५५.०.०.० भरतं, १९२.१६८ टाकलं तर २५५.२५५.२५५.०. पत्त्यांचे वर्ग पाडायच्या जुन्या पद्धतीची ती आठवण आहे. नोडच्या वेबपेजला अशी आठवण नसते. जे टाकाल ते घेतं.

अजून एक, दौऱ्यावर फारसं आडवं येत नाही पण माहीत असावं. २ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले कधीच नव्हते. राखलेले तीनच पट्टे, १९९६ मध्ये ठरलेले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे. २ चा पट्टा बरीच वर्षं नुसता पडून होता, २००९ मध्ये तो युरोपच्या नोंदणी संस्थेला दिला गेला आणि आता इंटरनेटवर खऱ्या अर्थाने वापरात आहे. बोर्ड इंटरनेटला जोडायचाच नसेल तर काही बिघडत नाही. पण एकाच लॅपटॉपवर वायफायने इंटरनेट आणि लॅनने २ चं नेटवर्क चालू असेल, तर त्या पट्ट्यातल्या साइट उघडायच्या नाहीत. लॅपटॉप त्यांना डिमर रूममध्ये शोधत बसेल.

सात पन्नास: तीन वाटा

एक, नाट्यगृहाच्या दोन नोडचा मास्क बदलायचा. दोन मिनिटांचं काम. पण काकांनी हात जोडले, "साहेबांनी सेट केलंय, उद्या सकाळी इथे कार्यक्रम आहे आणि त्याला आमचाच बोर्ड लागणार." बरोबर होतं त्यांचं. पाहुण्याने यजमानाच्या घरात भिंती हलवू नयेत.

दोन, आमचा बोर्ड आणि आमचे दोन नोड २५५.२५५.२५५.० वर आणायचे. हे स्वच्छ होतं. पण चालू असलेली तीन यंत्रं बदलायची, नोड पुन्हा सुरू व्हायची वाट बघायची, आणि त्यातला एक सायकच्या मागे, जिथे आता सेटची भिंत उभी.

तीन, दवंडी सोडून पत्र लिहायचं. आमच्या बोर्डवर प्रत्येक युनिव्हर्ससाठी घेणाऱ्याचा पत्ता टाकायची सोय होती, युनिकास्ट. समोरच्या स्पॉटांचा एक युनिव्हर्स २.०.०.११ ला, दुसरा २.०.०.१२ ला. पिंग पोचतंय म्हणजे पत्र पोचतंय, हे तर सिद्धच झालेलं. कोणाच्याही मास्कला हात लावायचा नाही.

तिसरी घेतली. दोन पत्ते टाकले, सेव्ह केलं, फेडर वर. समोरचं आलं. वायरशार्कच्या पडद्यावरून ते दोन युनिव्हर्स नाहीसे झाले, कारण आता स्विच ती पाकिटं थेट त्या त्या पोर्टला देत होता आणि लॅपटॉपला ती ऐकूच येत नव्हती. पडद्यावरून ओळी गायब झाल्या की काम झालं, असं क्वचितच होतं.

चौथी वाट मला घरी परतताना बसमध्ये सुचली. बोर्ड आणि नोड दोघांनाही एस-एसीएन, म्हणजे आर्ट-नेटसारखीच दुसरी भाषा, येत असेल तर तेच लावायचं. ते मल्टिकास्टवर चालतं: पहिला युनिव्हर्स २३९.२५५.०.१ या पत्त्यावर, दुसरा २३९.२५५.०.२ वर, आणि ज्याला जो हवा तो त्या मंडळाचा सभासद होतो. तिथे गावाच्या वेशीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे मास्कचा हा घोळ झाला नसता. स्विच हुशार प्रकारातला आणि अर्धवट सेट केलेला असेल तर त्याचे वेगळे घोळ आहेत, पण ते वेगळे.

छतातल्या स्पॉटांचा फोकस मारायला वेळ उरला नव्हता. खुर्च्यांवर शिडी लावायची कुठे, प्रेक्षक दारात. त्यांच्या फोकसवरच प्रयोग केला. ताईंनी तोंड वाकडं केलं, पण तोंडं दिसली.

प्रोजेक्टरचं थोडक्यात. ब्लॅकआउटला त्याची झडप बंद करायची आज्ञा आमचा लॅपटॉप पीजेलिंकने, म्हणजे प्रोजेक्टरला नेटवर्कवरून आज्ञा द्यायच्या भाषेत, पोर्ट ४३५२ वर देतो. प्रोजेक्टर १९२.१६८.१.१०० वर, लॅपटॉप २ वर: सरळसरळ दोन गावं आणि मध्ये रस्ता दाखवणारा राउटर नाही. लॅपटॉपच्या त्याच लॅनला दुसरा पत्ता जोडला, १९२.१६८.१.२४०, मास्क २५५.२५५.२५५.०. एका माणसाची दोन गावांत घरं असतात तसं. आधी २४० ला पिंग करून पाहिलं, कोणी बोललं नाही. अर्थात पिंगला उत्तर न येणं म्हणजे घर रिकामं असं नव्हे, मालक झोपलेला असू शकतो. बंद असलेलं यंत्रही उत्तर देत नाही आणि नेमकं मध्यंतरात सुरू होतं. त्या रात्री तसं झालं नाही.

नंतर

दोन महिन्यांनी काकांचा फोन आला. नाट्यगृहात कॅमेरे बसणार होते, ध्वनीचा नवा डिजिटल मिक्सर येणार होता आणि सगळं एकाच चोवीस पोर्टच्या स्विचवर. वरच्या कार्यालयातून त्यांना एक कागद मिळाला होता: तुमच्या इमारतीसाठी १०.४०.७.६४ पासूनचे पत्ते, मास्क २५५.२५५.२५५.१९२. काका म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही २५५ आणि ० शिकवलंत. हे १९२ काय आहे?"

पुन्हा पावती नव्हती, फोनवरच सांगितलं. १९२ म्हणजे दोनच्या भाषेत, नुसत्या ० आणि १ मध्ये लिहिलं तर, ११००००००. पुढचे दोन एक गावाच्या नावात गेले, मागची सहा शून्यं घर नंबराला. सहा जागांत ६४ आकडे बसतात, म्हणजे २५६ घरांच्या गल्लीचे चार तुकडे: ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१, १९२ ते २५५. तुम्हाला दुसरा मिळालाय. त्यातलं ६४ हे तुकड्याचं स्वतःचं नाव, ते कोणाला द्यायचं नाही. १२७ ही दवंडी, तेही द्यायचं नाही. वापरायला ६५ ते १२६, बासष्ट पत्ते.

"आणि एखाद्या पोराने सवयीने २५५.२५५.२५५.० टाकलं तर?"

तर तीच रात्र पुन्हा. त्या यंत्राची दवंडी जाईल १०.४०.७.२५५ ला, बाकीचे ऐकणार १०.४०.७.१२७. पिंग लागेल, दिवा लागणार नाही. वर आणखी एक भानगड: ते यंत्र शेजारच्या तुकड्यातल्या कार्यालयाच्या संगणकालाही आपल्याच गल्लीतला समजेल, राउटरकडे जाणारच नाही आणि दारात उभं राहून हाका मारत बसेल.

मी काकांना सुचवलं की वरून आलेला तुकडा कॅमेऱ्यांना देऊन टाका, त्यांनाच बाहेर दिसायचं असतं. दिव्यांना आणि ध्वनीला त्यात घेऊच नका. खासगी पत्त्यांचा काय तोटा आहे? नुसत्या १९२.१६८ मध्ये पासष्ट हजारांवर पत्ते आहेत. दिव्यांना १९२.१६८.२०.x, ध्वनीला १९२.१६८.३०.x, सगळ्यांना सरळ २५५.२५५.२५५.०. बासष्टच्या हिशेबाने काटकसर करायची ती ज्यांना पत्ते मोजून मिळतात त्यांनी. रात्री अकराला शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला तिसरा आकडा बघून कळलं पाहिजे की हे यंत्र कोणाचं. ६४ ते १२७ च्या दरम्यान आहे का, हे तिथे कोणी मोजत नाही.

आणि स्विच एकच असेल तर फक्त वेगळे पत्ते देऊन वाहतूक वेगळी होत नाही, हेही सांगितलं. दवंडी सगळ्या तारांवर जाणारच. ऐकणारा नोड टाकून देतो एवढंच. तारांवरच भिंत हवी तर स्विचमध्ये व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचचे आतून वेगळे कप्पे, पाडावे लागतात. तसं दिव्यांचं ओझं फार नसतं: एक युनिव्हर्स पूर्ण वेगाने गेला तरी साधारण ०.२ मेगाबिट, वायरला त्याचं काहीच वाटत नाही. वायफायला मात्र वाटतं, कारण वायफाय दवंडी आपल्या सगळ्यात मंद चालीने देतं. तेव्हा राउटर त्या स्विचपासून लांब ठेवा, काका. ते म्हणाले, तिकीट खिडकीतला पोरगा मोबाइलसाठी तोच लावून बसलाय.

आमच्या बाजूने आम्ही एवढंच केलं: बोर्डची मूळ फाइलच युनिकास्टची करून ठेवली, आणि नाट्यगृहांना आधी पाठवायच्या फॉर्ममध्ये, वीजपुरवठा किती फेज आणि बार किती या प्रश्नांखाली, दोन रकाने वाढवले: नोडचा आयपी, नोडचा मास्क.

पहिलाच फॉर्म भरून आला तो दुसऱ्या एका गावातून. आयपीच्या रकान्यात चारही आकडे सुवाच्य अक्षरात. मास्कच्या रकान्यात लिहिलं होतं: "आता सक्ती नाही."

मी फोन लावला.